इंग्रजीच्या चुकांवर हसण्याआधी त्या येतात कुठून ते बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात शाळेतल्या पोरांच्या इंग्रजी वाक्यांची एक चौकट आली होती, गंमत म्हणून. आमच्या स्टाफरूममध्ये ती मोठ्याने वाचली गेली, सगळे हसले, मला मात्र हसू आलं नाही, कारण त्यातली निम्मी वाक्यं मी रोज तपासते. चोपडा तालुक्यातल्या एका मराठी शाळेत १७ वर्षं इंग्रजी शिकवतेय म्हणून लिहावंसं वाटलं, पत्र थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आठवीतल्या एका मुलीने वडिलांवरच्या निबंधात लिहिलं होतं, 'माय फादर आर फार्मर. दे गो टू फार्म ॲट फाइव्ह.' मी नेहमीसारखा 'आर'वर लाल गोल केला, 'दे'वर गोल केला, वर 'इज' आणि 'ही' लिहिलं आणि वही परत दिली. पुढच्या निबंधात पुन्हा 'माय फादर आर'. मग तिला टेबलाशी बोलावलं आणि विचारलं, अगं बाप एकच ना, मग 'दे' कसं? तर हळूच म्हणते, मॅडम, वडिलांना 'तो' कसं लिहू, मराठीच्या सरांनी 'ते' लिहायला सांगितलंय.

आता बघा, घरी हीच पोरगी अहिराणीत बापाला सरळ 'तू' म्हणते, आमच्याकडे कितीतरी घरांत तसंच चालतं आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. शाळेत येऊन ती पुस्तकी मराठीतला आदर शिकली, 'माझे वडील शेतकरी आहेत, ते पहाटे शेतात जातात', आणि तोच आदर इमानेइतबारे इंग्रजीत घेऊन गेली. इंग्रजीत क्रियापदाला आदर नसतो, 'ही इज' लिहिलं तरी वडिलांचा मान कमी होत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. दोन मिनिटांत सांगून झालं आणि नंतर ती चूक तिच्या वहीत मला दिसली नाही. माझे दोन लाल गोल वाया गेले होते आणि एक प्रश्न कामाला आला.

तेव्हापासून मी प्रत्येक चुकीच्या मागे मराठी शोधते आणि बहुतेक वेळा ती सापडतेच. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' हे वाक्य पोरंच काय, नोकरीच्या अर्जात ग्रॅज्युएट लोकंही लिहितात. आपण म्हणतो 'मी दहा वर्षांपासून इथे राहतोय' आणि 'मी २०१५ पासून इथे राहतोय', दोन्हीकडे 'पासून' आणि दोन्हीकडे वर्तमानकाळ. इंग्रजीत त्या एका 'पासून'चे दोन शब्द होतात, आणि वर क्रियापदही बदलून 'हॅव बीन लिव्हिंग' होतं, म्हणजे पोराला एका शब्दापायी दोन ठिकाणी सांभाळायचंय. मी वर्गात भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करून सांगते, सुरुवात झाली त्या दिवसावर किंवा सालावर बोट ठेवता आलं तर 'सिन्स', आणि नुसते दिवस, महिने, वर्षं मोजली असतील तर 'फॉर'. सोमवारपासून, २०१५ पासून, दिवाळीपासून म्हणायचं असेल तर 'सिन्स', तीन दिवस, दहा वर्षं म्हणायचं असेल तर 'फॉर'. हे पोरांच्या डोक्यात बसतं.

'आय डिड नॉट वेंट' याला तर लोक फार हसतात. पण मराठीत 'मी गेलो', 'मी गेलो नाही', भूतकाळ 'गेलो'मध्येच राहतो, 'नाही' नुसतं मागे येऊन बसतं. इंग्रजीत भूतकाळ 'डिड'ने उचलून घेतला की 'वेंट'चं परत 'गो' होतं. पोरगं 'गेलो' सोडायला तयार नसतं, त्याच्या मते ते बरोबरच लिहितंय. 'आय टोल्ड टू हिम'मधला 'टू' हा आपल्या 'त्याला'मधला 'ला' आहे, 'मॅरीड विथ'मधला 'विथ' हा 'तिच्याशी'मधला 'शी', आणि 'डिस्कस अबाउट' आलं ते 'त्याबद्दल चर्चा' वरून.

शब्दांचंही तसंच. मराठीत दार बंद, पंखा बंद, नळ बंद, दुकानही बंद, म्हणून पोरं 'क्लोज द फॅन' लिहितात. 'शंका' आपल्याकडे प्रश्नाला पण म्हणतात आणि संशयाला पण, पण 'आय हॅव अ डाऊट' ऐकून बाहेरच्या माणसाला वाटतं की याचा माझ्यावर विश्वास नाही, त्याऐवजी 'क्वेश्चन' म्हणा. 'मी २०१८ ला पास आउट झालो' हे आपल्याला कळतं, परदेशातल्या बऱ्याच लोकांना ते 'बेशुद्ध पडलो' असं वाटेल, आणि आपल्या भागातली पोरं आता बाहेर अर्ज करतायत म्हणून हे सांगायलाच पाहिजे. 'प्रीपोन'वर, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, मात्र मी लाल पेन चालवत नाही, तो शब्द आपल्याकडे रुळला, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही गेला, मग पोराने तो का खोडायचा?

एकदा एका मुलाने केळीच्या बागेवर लिहिलं होतं आणि त्यात 'वन कोम बनाना' असं होतं. मला आधी कळेना. मग लक्षात आलं, फणी! केसांची फणी 'कोम' म्हणून केळीची फणी पण 'कोम'. इंग्रजीत घडाला 'बंच', फणीला 'हँड' आणि एकेका केळीला 'फिंगर' म्हणतात, म्हणजे हात आणि बोटं. हे सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग आपापल्या हाताकडे बघायला लागला. ज्यांच्या घरी रोज घड उतरतात त्या पोरांना हे शब्द पुस्तकात कधी भेटतच नाहीत.

२००० सालापासून आपल्या राज्यात मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे आठवीतल्या पोराचं हे इंग्रजीचं आठवं वर्ष. तरी चुका त्याच का? माझ्या मते आपण चूक फक्त दाखवतो, तिचं कारण सांगत नाही. पिट कॉर्डर नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच लिहून ठेवलंय की शिकणाऱ्याची चूक म्हणजे त्याच्या डोक्यात सध्या कोणता नियम तयार झालाय याचा पुरावा असतो, आणि घाईत झालेली चूक वेगळी, नियम समजून केलेली चूक वेगळी. मी आता चुकीच्या ओळीखाली नुसती रेघ मारते आणि वही परत देते. पोराने स्वतः सुधारलं तर ती घाईतली, तिच्यावर वेळ घालवायचा नाही. नाहीच सुधारता आलं तर ते वाक्य नाव न घेता फळ्यावर घेते आणि शेजारी त्याचं मराठी लिहिते. एका आठवड्यात एकाच प्रकारची चूक धरते, बाकीच्या दिसल्या तरी सोडून देते. 'अ' आणि 'द'च्या चुका तर मी सगळ्यात शेवटी धरते, मराठीत तसं काही नाहीच त्यामुळे त्याला वर्षानुवर्षं लागतात. काही पालक येऊन म्हणतात, मॅडम, वहीत लाल पेन दिसत नाही, तुम्ही तपासता का? त्यांचं चुकत नाही, पण पान लाल करून दिलं की पोरगं पुढच्या वेळी दहा ओळींऐवजी चारच ओळी लिहितं, हे मी पाहिलंय.

आणि सातपुड्याच्या बाजूची पावरा आदिवासी मुलं जेव्हा आमच्या वर्गात येतात तेव्हा त्यांच्यासाठी मराठीच दुसरी भाषा असते, इंग्रजी तिसरी. त्यांच्या चुका मला अजून नीट वाचता येत नाहीत, त्यांची भाषा मी आता कुठे थोडी थोडी शिकतेय.

म्हणून एक विनंती आहे. ती गमतीची चौकट बंद करा आणि त्याच जागेत आठवड्याला एक वाक्य छापा, पोराचं नाव नको, शाळेचं नको, गावाचं तर नकोच. वाक्य, त्यामागची मराठी किंवा अहिराणी, आणि मग बरोबर इंग्रजी, बस. पहिल्या दोन महिन्यांची वाक्यं मी लिहून पाठवते, मानधन नको. सुरुवात 'माय फादर आर'पासून करा, त्या मुलीला मी विचारलंय, तिची हरकत नाहीये.

आपली नम्र,
एक इंग्रजी शिक्षिका
ता. चोपडा, जि. जळगाव