गवती चहाला गवती चहाच म्हणा

मा. संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत घरी करता येण्याजोग्या मलेशियन पदार्थांच्या तीन पाककृती प्रसिद्ध झाल्या आहेत : नासी लेमाक (नारळाच्या दुधातील भात), कोंबडीचे रेन्दांग (नारळाच्या दुधात आटवून शिजवलेले मांस) आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबरचे साते (काडीला लावून भाजलेले मांसाचे तुकडे). हॉटेलातील नव्हे तर घरातील स्वयंपाकाला आपण जागा दिलीत, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र सामानाची यादी वाचून आमच्या गल्लीतील दोघीजणींनी ‘हे सगळे पुण्याहून मागवावे लागेल’ असे म्हणत पुरवणी बाजूला ठेवली, म्हणून हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले. त्या यादीत लेमनग्रास, गॅलंगल, टॅमरिंड पेस्ट, कोकोनट मिल्कचा डबा आणि पीनट बटरची बरणी अशी नावे आहेत. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा, तो निम्म्या सोलापूरच्या परसात आणि कुंड्यांत आहे. गॅलंगल म्हणजे घसा बसल्यावर आपण चघळतो ते कुलिंजन, काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेले मिळते आणि रात्रभर भिजवले की वाटता येते. टॅमरिंड पेस्ट म्हणजे चिंचेचा कोळ. आणि ज्या शहराची शेंगा चटणी राज्यभर जाते, तेथील वाचकांना शेंगदाण्याच्या पदार्थासाठी पीनट बटर विकत घ्यायला सांगावे, याचे मला खरोखर वाईट वाटले.

माझी मुलगी नोकरीनिमित्त मलेशियातील इपोह शहरात राहते. तिच्या बाळंतपणाच्या वेळी मी तेथे तीन महिने होते. शेजारच्या वयस्कर मलय बाईंना सगळे माक्चिक, म्हणजे मावशी, म्हणत. त्यांच्या स्वयंपाकघरात मी रोज दुपारी जाऊन बसत असे. मला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना माझी, तरीही दगडी खलात मिरची, छोटे कांदे, लसूण, आले आणि कुलिंजन वाटताना त्या काय करीत आहेत हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. या वाटणाला त्या रम्पाह म्हणत. ते तेलात मंद आचेवर परतत राहायचे आणि कडेने तेल दिसू लागले की पुढचे जिन्नस घालायचे. त्या क्षणाला त्यांचा शब्द ‘पेचाह मिन्याक’ असा आहे, म्हणजे तेल फुटणे. आपण तेल सुटणे म्हणतो. पुरवणीतील पाककृतीत मात्र ‘पेस्ट दोन मिनिटे परतावी’ एवढेच छापले आहे. दोन मिनिटांत त्या वाटणाचा कच्चा वास जात नाही, आणि जिला घरच्या काळ्या मसाल्याचे वाटण परतण्याची सवय आहे तिला ‘तेल सुटेपर्यंत’ हे दोन शब्द पुरेसे होते.

रेन्दांगविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सर्वांत मोठी चूक तेथे झाली आहे. हा पदार्थ मूळचा इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरील मिनांगकाबाउ लोकांचा. त्यांच्यातील अनेकजण मलेशियाच्या नेगेरी सेंबिलान भागात येऊन वसले आणि पदार्थ तेथे रुजला. आपण त्याचा रस्सा करून वीस मिनिटांत वाढायला सांगितले आहे. रेन्दांगमध्ये रस्सा उरता कामा नये. नारळाचे दूध आधी उकळते, मग आटते, मग त्यातून तेल वेगळे होते आणि शेवटी त्याच तेलात मांस परतले जाते. कोंबडीला तासाभराहून अधिक आणि मटणाला दोन ते तीन तास लागतात. दूध फाटले म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण येथे ते फाटायलाच हवे. उतरवण्याच्या थोडे आधी त्यात करिसिक घालतात. ओला नारळ कोरडाच तांबूस होईपर्यंत भाजायचा आणि गरम असतानाच खलात कुटत राहायचा, इतका की तो तेल सोडून गोळा होतो. उखळात शेंगा चटणी कुटणाऱ्या हाताला हे काम नवे नाही, पण पुरवणीतील पाककृतीत करिसिकचा उल्लेखच नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमधील दूरचित्रवाणीवरच्या एका पाककला स्पर्धेत कोंबडीच्या रेन्दांगची कातडी कुरकुरीत नाही असा दोष परीक्षकांनी काढला, तेव्हा मलेशियाबरोबर इंडोनेशियातील लोकही नाराज झाले होते, कारण इतका वेळ शिजलेले मांस मऊच असते. पदार्थ समजून न घेता त्याच्यावर लिहिले की काय होते, ते त्या वेळी साऱ्या जगाने पाहिले.

गवती चहाबद्दल एक गोष्ट येथे सांगायला हवी. आपण त्याची पात चहात घालतो आणि बुडखा मातीत ठेवतो. मलेशियात पात टाकून देतात आणि बुडख्याचा पांढरट, कोवळा भाग वाटणात घेतात. हे न सांगितल्यास कोणी पात वाटायला घेईल आणि तोंडात नुसते धागे येतील.

सात्याच्या चटणीसाठी शेंगदाणे खमंग भाजून जाडसर कुटावेत. भिजवलेल्या सुक्या मिरच्या, लसूण, कांदा आणि गवती चहा यांचे वाटण तेल सुटेपर्यंत परतावे, त्यात कूट, चिंचेचा कोळ, गूळ आणि पाणी घालून तेलाचा तवंग येईपर्यंत शिजवावे. साखरेला मलय भाषेत गुला म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘गुड’वरून तिकडे गेलेला आहे, आणि आपला ‘गूळ’ हा शब्दही त्याच ‘गुड’वरून आला. आपली आणि त्यांची मिरची तर एकाच वाटेने आली म्हणावे लागेल : पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि १५११ मध्ये मलेशियातील मलाक्का. त्यामुळे हे जेवण आपल्याला परके वाटावे असे मला तरी वाटत नाही.

नासी लेमाक म्हणजे स्निग्ध भात. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मलेशियाच्या न्याहारीच्या परंपरेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद घेतली, त्यात तो आहे. दोन नारळ खवून, कोमट पाण्याने पिळून निघालेले दूध डब्यातील दुधापेक्षा नक्कीच ताजे असते.

सोलापुरात सहज न मिळणाऱ्या वस्तू खरोखर दोन-तीनच आहेत. केवड्याच्या कुळातील पांदानची पाने एखाद्या रोपवाटिकेत रोप मिळाले तरच मिळतील. हळदीची पाने सांगली भागात पीक उभे असेपर्यंत मिळतात. बलाचान, म्हणजे बारीक कोळंबी आंबवून वाळवलेली वडी, येथे मिळणे अवघड आहे. तिच्याऐवजी भाजून कुटलेला जवळा वापरता येतो, परंतु चव तीच येत नाही आणि ते स्पष्ट लिहावे. शाकाहारी घरांनी ती वगळून सांबाल (नासी लेमाकबरोबरची मिरचीची चटणी) जरूर करावा. मात्र पाककृतीवर ‘शाकाहारी पद्धत’ असे नमूद असावे, म्हणजे मूळ पदार्थाबद्दल गैरसमज होणार नाही.

माझी विनंती एवढीच आहे की, येत्या रविवारी या तिन्ही पाककृती जिनसांच्या मराठी नावांसह, रेन्दांगला लागणारा खरा वेळ आणि करिसिकची कृती देऊन पुन्हा छापाव्यात. बदली जिन्नस सुचवताना तो बदली आहे असेही लिहावे. आमच्या गल्लीतील त्या दोघींनी पुरवणी अजून रद्दीत दिलेली नाही.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
साखर पेठ, सोलापूर