ओटीपी विचारतो कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरून कामावरचा कालचा लेख वाचला. व्हीपीएन (म्हणजे घरून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये शिरण्याची खासगी वाट) बसवला आणि मोबाइलवर ओटीपी आला की सरकारी खाते आधुनिक झाले, असा लेखाचा एकंदर सूर. लेखक महाशयांचा हेवा वाटतो.

इव्हांटी कंपनीच्या व्हीपीएन उपकरणांचे प्रकरण तर त्यांनी 'पॅच (म्हणजे दुरुस्तीचे सॉफ्टवेअर) टाकून प्रश्न सुटला' एवढ्यावर उरकले आहे. 31 जानेवारी 2024 रोजी अमेरिकेच्या 'सिसा' या सायबर सुरक्षा संस्थेने केंद्रीय खात्यांना बजावले होते : ही व्हीपीएन उपकरणे 2 फेब्रुवारीच्या मध्यरात्रीच्या आत नेटवर्कवरून काढा. कारण त्यात एकाच वेळी दोन भोके होती. एकातून लॉगिन चुकवता येई, दुसऱ्यातून उपकरणावर हवी ती आज्ञा चालवता येई. दोन्ही जोडली की पासवर्ड लागत नव्हता. मग ओटीपी विचारतो कोण?

त्याच आदेशाप्रमाणे उपकरण परत जोडायचे तर आधी सेटिंग्ज काढून घ्यायच्या, फॅक्टरी रिसेट करायचा, नवी आवृत्ती टाकायची आणि मगच सेटिंग्ज परत भरायच्या. त्यावरची डिजिटल प्रमाणपत्रे, डिजिटल किल्ल्या, अॅडमिनचे पासवर्ड सगळे रद्द करून नवे काढायचे. शिवाय उपकरणाशी जोडलेली डोमेन खाती (कर्मचाऱ्यांची कार्यालयीन नेटवर्कवरची लॉगिन खाती) फुटलीच आहेत असे धरून त्यांचे पासवर्ड 1 मार्चपर्यंत दोनदा बदलायचे, कर्बेरॉस तिकिटे, म्हणजे एकदा लॉगिन केल्यावर नेटवर्कवर मिळणारे डिजिटल परवाने, रद्द करायची. पॅच हा यातला सर्वांत सोपा भाग. चोर आधीच आत असेल, तर पॅच टाकणे म्हणजे त्याच्यासकट दार लावून घेणे!

उपकरण धड असले तरी ओटीपीची मातब्बरी किती? बनावट लॉगिन पान तुमचा पासवर्ड आणि कोड घेऊन त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकते आणि चालू सेशन, म्हणजे उघडलेले लॉगिनच, पळवते. फिडो किल्ली (लॉगिनसाठी डिजिटल सही करणारी सुरक्षा-किल्ली) इथे फसत नाही, कारण तिची सही संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्ता वेगळा, तर सही नाही. अमेरिकी सरकारच्या जानेवारी 2022 च्या एम-22-09 परिपत्रकाने म्हणूनच कर्मचाऱ्यांसाठी एसएमएस कोड बंद करायला सांगितले. निदान एक अंतर्गत यंत्रणा वर्षभरात व्हीपीएनशिवाय इंटरनेटवरून सुरक्षित चालवून दाखवा, हेही त्यातच आहे.

आता लेखासोबत छापलेली ती चौकट : 'दर 30 दिवसांनी पासवर्ड बदला.' ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा मात्र बदलायलाच लावा, हे अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी मानक संस्थेने 2017 सालीच सांगून ठेवले आहे. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा एकाने वाढवतात. जुना पासवर्ड हाती असलेल्याला नवा ओळखायला कितीसा वेळ लागणार? वरच्या परिपत्रकातही ही सक्ती काढून टाकायचा आदेश आहे.

लेख लेखकाचा, पण चौकट आपल्या संपादकीय विभागाची दिसते. तिची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकारात छापावी.

आपला,
एक वाचक