ठेव मोडायची नाही

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया

ती. आई-बाबांस,
सा. न.

भाडं थकलं, म्हणून मालकाशी करार करून हे भाड्याचं घर सोडायचं ठरवलंय. म्हणजे, सह्याही झाल्यात. आधी सांगितलं असतं तर बाबा दुसऱ्या दिवशी ठेव मोडायला बँकेत गेले असते, म्हणून गप्प राहिले. रागावू नका.

दारावर लागली ती 'भाडं भरा नाहीतर घर सोडा' अशी तीन दिवसांची नोटीस; त्यात शनिवार-रविवार धरत नाहीत. तो खटला नव्हे. मालक पुढे कोर्टात गेला तरच खटला. मला त्याआधीच मोकळं व्हायचं होतं.

बाबा, तुमची धास्ती क्रेडिटची, म्हणजे माझ्या देण्याघेण्याच्या नोंदवहीची ना? घरातून काढलं, ही नोंद तिथे होतच नाही. पूर्वी कोर्टाचा निकाल दिसायचा. जुलै २०१७ पासून ही वही ठेवणाऱ्या इक्विफॅक्स, एक्स्पीरियन, ट्रान्सयुनियन या तिन्ही कंपन्यांनी तो काढून टाकला. नडतं ते थकलेलं भाडं. ते वसुलीवाल्यांकडे गेलं की नोंद सात वर्षं चिकटते. मागाहून भरलं तरी पुसत नाही. या नोंदींवरून पत ठरवणारे गुण म्हणजे फायको; त्याची ९वी आवृत्ती वसुलीला गेलेली पण भरलेली बाकी मोजत नाही, पण जुनी ८वी मोजते, आणि बरेच जण अजून तीच बघतात.

दुसरी वही मात्र चिवट आहे. घर देण्याआधी इथे भाडेकरूची कुंडली मागवतात आणि तिच्यात नुसता दाखल झालेला खटलाही येऊ शकतो. कॅलिफोर्नियात तो आधी झाकलेला असतो, पण मालक ६० दिवसांत जिंकला की उघडा पडतो. म्हणून करारात तीन वाक्यं लिहून घेतली: बाकी शून्य, खटला नाही, वसुलीला देणार नाही. अनामत रकमेचा हिशेब मालकाला २१ दिवसांत द्यावाच लागतो. प्रत्येक भिंतीचा, सिंकखालचासुद्धा फोटो काढलाय. बाबा, तुम्ही पावत्या तारेला टोचून ठेवायचा आणि मी खुर्चीवर चढून त्या मोजायचे. ती सवय आत्ता कामाला आली.

आणि नाही, तुमच्या सिबिलला काही लागत नाही. ट्रान्सयुनियनचं नाव दोन्हीकडे दिसतं, वह्या वेगळ्या.

आई, नवी खोली लहान आहे पण सकाळचं ऊन थेट गादीवर येतं. स्वयंपाकघर मोकळं, कुकरच्या शिट्टीला कुणी कुरकुरत नाही. तुझा गोडा मसाला अर्धी बरणी शिल्लक आहे, लगेच पाठवू नकोस.

आता ऐका. तिकडे कुणी फोन करून माझ्या थकबाकीचं बोललं तर एक रुपया द्यायचा नाही, खाते क्रमांक सांगायचा नाही. इथल्या वसुली एजन्सीला आईवडिलांशी कर्जाबद्दल बोलायची मुभाच नाही, तेव्हा बोलणारा बहुधा भामटाच. मला पत्र आलंच तर ३० दिवसांत लेखी हरकत घेईन.

बाबा, बीपीची गोळी सकाळचीच. 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही. आणि आई, ठेवीची पावती कपाटात टाक नि किल्ली तुझ्याजवळ ठेव.

तुमची,
छकुली