उतारा सोडवला, पण वाचला का?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की मराठवाड्यातल्या घरोघरी एकच चर्चा सुरू होते : बाकीचे विषय कसेबसे निघाले, इंग्रजीने मात्र घात केला. मग पालक शिकवणी बदलतात, कोणी धाकट्याला इंग्रजी माध्यमात घालायचे ठरवतो आणि शाळा पुढच्या वर्षी उताऱ्यांच्या सरावाचे तास वाढवते. या सरावाविषयीच मला लिहायचे आहे. माझी नोकरी बीड आणि लातूर जिल्ह्यांतील मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्यात गेली. आपल्याकडे ज्याला 'कॉम्प्रिहेन्शनची प्रॅक्टिस' म्हणतात तिच्यात आकलन फार थोडे आणि शोधाशोध फार असते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. तास वाढवून ही उणीव भरून निघणार नाही. मुलांना कळेल अशा सोप्या इंग्रजीचे भरपूर वाचन त्यांच्याकडून झाले पाहिजे, आणि नेमके तेच कुठे होत नाही.

शोधाशोध म्हणजे काय, ते एका उदाहरणाने स्पष्ट करतो. फळ्यावर असे वाक्य लिहावे : 'ट्रॅबो वेन्ट टू द सिंबर टू फ्लिब हिज डोर्पल.' यातील ट्रॅबो, सिंबर, फ्लिब आणि डोर्पल हे चारही शब्द मी रचलेले आहेत. त्यांना काहीही अर्थ नाही. आता वर्गाला विचारावे, 'व्हाय डिड ट्रॅबो गो टू द सिंबर?' नववीचा कोणताही सर्वसाधारण मुलगा प्रश्नातले दोन शब्द वाक्यात हुडकतो, तिथे बोट ठेवतो आणि उत्तर लिहितो, 'टू फ्लिब हिज डोर्पल.' उत्तर बिनचूक आहे, गुण पूर्ण मिळतील, आणि मुलाला, मला किंवा आपल्या वाचकांना त्यातले अक्षरही कळलेले नाही. आपल्या सराव परीक्षांतील निम्म्याहून अधिक प्रश्न याच जातीचे असतात. उताऱ्याखालचा शेवटचा प्रश्न, ज्यात स्वतःचे मत विचारलेले असते, तिथे आला की हाच मुलगा अडतो. मग तो उताऱ्यातली एखादी ओळ जशीच्या तशी उतरवतो किंवा शिकवणीत पाठ करून घेतलेली 'येस, आय ॲग्री' अशी दोन वाक्ये लिहून मोकळा होतो.

खरे आकलन कुठे अडते, हेही पाहण्यासारखे आहे. 'द वेल दॅट द व्हिलेजर्स डग लास्ट समर हॅज गॉन ड्राय' या वाक्यात अवघड शब्द एकही नाही. विहीर, गावकरी, उन्हाळा, कोरडे. सगळे मुलांच्या रोजच्या पाहण्यातले. तरीही काय कोरडे पडले, असे विचारल्यावर अनेक मुले 'समर' असे उत्तर देतात, कारण क्रियापदाच्या लगतचा शब्द तोच आहे. विहीर वाक्याच्या आरंभी राहिली आहे आणि तिच्याविषयीचे सांगणे शेवटी आले आहे, मध्ये गावकऱ्यांची हकिगत घुसली आहे; हे सर्व मनात धरून ठेवण्याची सवय वाचनानेच लागते. व्याकरणाच्या तासाला 'रिलेटिव्ह क्लॉज'ची व्याख्या पाठ केल्याने ती लागत नाही. मी वर्गात एक साधा उपाय करीत असे. उतारा वाचून झाला की पुस्तक पालथे घालायचे आणि काय वाचले ते मराठीत सांगायचे. ज्याला समजले आहे तो पाच-सहा वाक्यांत सांगतो, ज्याला समजलेले नाही त्याचे लगेच उघडे पडते. इंग्रजीच्या तासाला मराठी नको, असा आग्रह धरणाऱ्यांना हे पटत नाही. पण समजणे आणि इंग्रजीत मांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी येत नाही म्हणून पहिली तपासायचीच नाही, हा कुठला न्याय?

शब्दसंग्रहाची स्थिती याहून बिकट आहे. गाईडमध्ये प्रत्येक पाठाच्या आरंभी 'कठीण शब्द' आणि त्यांचे मराठी अर्थ अशी यादी असते. ती वहीत उतरवली आणि चाचणीपुरती पाठ केली की काम संपते. तो शब्द पुन्हा पुढच्या वर्षीही भेटत नाही. नवा शब्द पक्का होण्यासाठी तो निरनिराळ्या वाक्यांत निदान आठ-दहा वेळा समोर यावा लागतो, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. माणूस पाठ केलेले किती झपाट्याने विसरतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले होते. आमच्या याद्या मात्र अजून चालूच आहेत.

येथे थोडा हिशेब मांडतो, कारण तो पालकांना क्वचितच कोणी सांगतो. कोणाच्याही मदतीशिवाय वाचून समजण्यासाठी मजकुरातील शंभरापैकी साधारण ९८ शब्द आधीच ओळखीचे असावे लागतात, असे न्यूझीलंडमधील भाषाअभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. म्हणजे दीडशे शब्दांच्या उताऱ्यात अनोळखी शब्द तीन. आमच्या ग्रामीण शाळेतील आठवीच्या मुलापुढे परीक्षेतला एवढाच उतारा आला तर दर ओळीला एक-दोन शब्दांवर तो ठेचकाळतो. अशा वाचनाला सराव म्हणावे तरी कसे? याच अभ्यासातील दुसरी बाजू आशादायक आहे. इंग्रजीतील सर्वाधिक वापरले जाणारे दोन हजार शब्द, त्यांच्या निरनिराळ्या रूपांसह, येत असतील तर माहितीपर गद्यातील सुमारे ८० टक्के शब्द ओळखीचे होतात. तेव्हा आधी हे दोन हजार पक्के करावेत आणि मगच दुर्मीळ शब्दांच्या मागे लागावे, हे कोणालाही कळेल. प्रत्यक्षात मुलाला 'मॅग्निफिसंट' पाठ असतो आणि 'दो' (जरी), 'अनलेस', 'इन्स्टेड' हे शब्द वाक्याचा अर्थ उलटा करतात, याची त्याला कल्पना नसते.

ही दृष्टी परदेशातून आयात करावी लागणारी नाही. ती आपल्याच उपखंडात घडली. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधील शाळकरी मुले पाहून त्यांनी १९२६ साली असे मांडले की, आधी वाचता येणे महत्त्वाचे, आणि वाचनपुस्तकांत नवे शब्द मोजके, पुन्हा पुन्हा येणारे असावेत. पुढे १९३५ साली त्यांनी केलेल्या शब्दकोशात सर्व अर्थ सुमारे दीड हजार सोप्या शब्दांतच दिले होते, आणि १९५३ साली प्रसिद्ध झालेली सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची यादी आजही आधाराला घेतली जाते. त्यांचा एक विचार मला बीड जिल्ह्यात नोकरी करताना फार जवळचा वाटला. विम्याची पॉलिसी मुदतीपूर्वी मोडली तरी हातात काही रक्कम पडते, तिला 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात; तसे मूल शाळेतून मध्येच गळाले, तरी तोवर शिकलेल्या इंग्रजीचा त्याला काही उपयोग झाला पाहिजे, असे वेस्ट म्हणत. दसरा-दिवाळीच्या सुमारास आई-बापांबरोबर ऊसतोडीला कारखान्याकडे निघून जाणारी आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, परतणारी मुले ज्यांनी वर्गात पाहिली आहेत, त्यांना हा मुद्दा निराळा समजावून सांगायला नको. त्या मुलाच्या हातात सहा महिन्यांसाठी काय असते? अर्धी राहिलेली शब्दांची यादी. त्याऐवजी ओळखीच्या शब्दांत लिहिलेली दोन-तीन चित्रमय गोष्टींची पुस्तके कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) सोबत गेली, तर निदान वाचन तुटणार नाही.

पुस्तकांनी खरेच फरक पडतो का, याचेही उत्तर उपलब्ध आहे. फिजी बेटांवरील ग्रामीण प्राथमिक शाळांत, जिथे इंग्रजी ही मुलांची घरची भाषा नाही, वॉरविक एली आणि फ्रान्सिस मँगुभाई यांनी १९८० च्या सुमारास वर्गावर्गांत सोप्या, चित्रांच्या इंग्रजी गोष्टींची पुस्तके भरपूर ठेवून पाहिली. नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या तुलनेत त्या मुलांचे वाचन जवळपास दुप्पट वेगाने सुधारले. आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत मूल दहा वर्षे इंग्रजी शिकते. या दहा वर्षांत पाठ्यपुस्तक सोडून एक तरी इंग्रजी पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलेला विद्यार्थी आपल्या तालुक्यात किती सापडतील, याची चौकशी कोणीही करून पाहावी.

याची किंमत अकरावीत मोजावी लागते. मराठी माध्यमातून दहावी झालेली हुशार मुले लातूर-नांदेडला विज्ञान शाखेसाठी येतात आणि पहिल्याच आठवड्यात प्रकाशसंश्लेषणाचे 'फोटोसिंथेसिस' होते. हे पारिभाषिक शब्द मुले महिनाभरात आपलेसे करतात. त्यांचा फारसा प्रश्न नसतो. अडते ते पारिभाषिक शब्दांना जोडणाऱ्या साध्या वाक्यांपाशी. 'नॉट ओन्ली', 'व्हेअरॲज', 'प्रोव्हायडेड दॅट' अशा शब्दांनी बांधलेली दीड-दोन ओळींची वाक्ये त्यांनी यापूर्वी स्वतःहून वाचलेलीच नसतात. मग जीवशास्त्र येत असूनही प्रश्न नीट न वाचल्याने चुकतो आणि ठपका बुद्धीवर येतो.

यावर इंग्रजी माध्यम हाच उपाय, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तालुक्याच्या गावांतील अनेक इंग्रजी शाळांतही प्रश्नोत्तरे फळ्यावरून उतरवून पाठ करण्यापलीकडे वाचन होत नाही, फक्त गणवेशाला टाय असतो. शिवाय घरच्या भाषेबाहेरच्या माध्यमातून शिकणे काय असते, हे मराठवाड्याला कोणी सांगायला नको. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आमच्या वडीलधाऱ्यांनी उर्दूतून शाळा शिकली आहे.

घरी करण्यासारखी एक बिनखर्चाची गोष्ट सांगून ठेवतो. लग्नसराई संपली की प्रत्येक घरात पत्रिकांचा गठ्ठा साठतो. त्यांची कोरी बाजू कापून पत्त्यांएवढे तुकडे करावेत. एका तुकड्यावर शब्द एकटा न लिहिता तो ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य लिहावे. दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने ते पाहावेत. आठवला तो तुकडा मागच्या गठ्ठ्यात, विसरला तो पुन्हा पहिल्या गठ्ठ्यात. मोबाइलवरील भाषांतराची सोयही वापरायला हरकत नाही, मात्र आधी अर्थाचा अंदाज बांधावा आणि मग पडताळावा.

आता आपल्याकडे एक विनंती. ओळखीच्या विषयावरचा मजकूर कच्च्या वाचकालाही चांगला समजतो, हे सर्वमान्य आहे. आणि ओळखीचे विषय वर्तमानपत्राइतके कोणाकडे असणार? आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा दीडशे शब्दांचा सोपा इंग्रजी मजकूर छापावा. जायकवाडीतील पाणीसाठा, मोंढ्यातील सोयाबीनची आवक, वेरूळच्या लेण्यांवरील दुरुस्तीचे काम, असे विषय असावेत. शब्द त्या दोन हजारांतलेच असावेत, नवे शब्द तीनच, आणि तेच पुढील काही आठवड्यांच्या मजकुरांत पुन्हा यावेत. खाली दोनच प्रश्न द्यावेत, ज्यांचे उत्तर उताऱ्यातली ओळ उचलून लिहिता येणार नाही, आणि उत्तर मराठीत लिहिण्याची मुभा असावी. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत आणि अभ्यासिकांत आपला अंक जातोच, त्यामुळे जिथे एकही इंग्रजी पुस्तक नाही तिथेही हा मजकूर पोहोचेल. मजकूर लिहून आणि शब्द तपासून देण्यास आम्ही काही निवृत्त शिक्षक विनामोबदला तयार आहोत. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी निर्णय कळवल्यास पहिल्या तीन महिन्यांचा मजकूर आधीच आपल्या हाती देता येईल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक
अंबाजोगाई, जि. बीड