कुंपणासाठी क्रोटन

सातारा,
दि. २५ मे

चि. सौ. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

सांगलीच्या विश्रामबागेतील तुमच्या घरापुढील मोकळ्या पट्टीत, फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत रंगीत पानांचे कुंपण करावे असे तू कळवलेस आणि सोनेरी दुरांटा लावावा की क्रोटन, असे विचारलेस. माझे मत क्रोटनच्या बाजूचे आहे. दुरांटा झपाट्याने वाढतो, कात्री सोसतो आणि त्याची रोपेही स्वस्त मिळतात, हे खरे; परंतु पावसाळ्यात दर तीन-चार आठवड्यांनी तो कापला नाही तर त्याचा आकार बिघडतो, आणि तुम्हा दोघांच्या नोकऱ्या पाहता तेवढी सवड तुम्हाला मिळणे कठीण आहे. क्रोटन सावकाश वाढतो, बारमाही पानांनी भरलेला राहतो आणि वर्षातून दोन वेळा नीट हात फिरवला तरी त्याला पुरते. मूळचा तो मलेशिया, इंडोनेशिया आणि पॅसिफिक बेटांकडचा असल्यामुळे उष्ण, दमट हवा त्याला मानवते, आणि पारा १० अंशांच्या खाली उतरला की तो पाने गाळू लागतो. साताऱ्याच्या थंडीत आपल्या अंगणातील झाडे थोडी सुस्तावतात. सांगलीत तो त्रास कमीच होईल.

जागा ठरवताना एकच गोष्ट आधी पाहा, ती म्हणजे ऊन. क्रोटनचा रंग उन्हावर चढतो. पेत्रा जातीचे कोवळे पान पिवळसर हिरवे निघते, पुढे त्याच्या शिरा नारिंगी आणि मग लाल होत जातात, आणि तळाचे जुने पान काळपट तांबडे होते. एकाच फांदीवर शेंड्यापासून खाली नजर फिरवली तर हा सगळा क्रम दिसतो. तेच झाड सावलीत ठेवले की पाने हिरवी पडतात आणि फांद्या उजेडाकडे ताणल्या जाऊन विरळ होतात. तुझ्या पट्टीचा टाकीकडचा भाग शेजारच्या कडुनिंबाखाली येतो, म्हणून तेथे चार-पाच तास सरळ ऊन मिळते का, ते एखाद्या सुटीच्या दिवशी पाहून घे. मिळत नसेल तर तेवढ्या तुकड्यात पिवळ्या ठिपक्यांची गोल्ड डस्ट जात लाव, कारण ती सावली बरी सोसते. बाकी संपूर्ण ओळ मात्र एकाच जातीची असावी. रोपवाटिकेत रंगांचा मोह पडून पाच जाती एकत्र आणल्या जातात, पण प्रत्येकीची वाढीची गती वेगळी असल्यामुळे असे कुंपण कधीच एकसारखे भरत नाही.

खरी मेहनत जमिनीवर घ्यावी लागेल. आपल्याकडे मुरमाड जमीन आहे, पाणी ओतले की निघून जाते. तुझ्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यात चुन्याचे प्रमाणही अधिक असते. साचलेल्या पाण्यात क्रोटनच्या मुळ्या कुजतात. म्हणून मृगाच्या आधी दीड फूट रुंद आणि तितकाच खोल चर खणून घे, निघालेल्या मातीत तिसऱ्या हिश्शाइतके चांगले कुजलेले शेणखत आणि तेवढाच बारीक मुरूम मिसळ, थोडी निंबोळी पेंड टाक, आणि चर भरताना आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा ते नऊ इंच उंच वाफा होईल असे पाहा. ताजे शेण अजिबात घालू नये. पुढे कधी कोवळी पाने फिकी पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, तर ती चुनखडीमुळे पडलेली लोहाची उणीव समजावी. बागाईतदार द्राक्षासाठी वापरतात ते चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह, फवारले म्हणजे नवी पाने सुधारतात. आच्छादनासाठी उसाचे पाचट तुमच्याकडे हवे तेवढे मिळेल. ते बुंध्याला न टेकवता चार इंच दूर ठेवून पसर.

पहिला पाऊस चांगला मुरल्यावर रोपे दीड ते दोन फुटांच्या अंतराने लावावीत. रोपवाटिकेतील रोपे शेडनेटखाली वाढलेली असतात, त्यामुळे ती आणल्याबरोबर पश्चिमेच्या उन्हात ठेवली तर पाने करपतात; पंधरा दिवस त्यांना आधी सकाळचे आणि मग हळूहळू दुपारचे ऊन दाखवावे. लागवडीनंतर काही पाने गळाली तर घाबरून जास्त पाणी घालू नकोस. जागा बदलली की क्रोटन पाने टाकतो आणि मुळ्या धरल्या की पुन्हा फुटतो. काही रोपे आपल्या झाडांच्या छाट कलमांपासून मीच करून देईन; पावसाळ्यात अर्धपक्व फांदीचे चार ते सहा इंची तुकडे घेऊन, चीक धुऊन, ओल्या वाळूत लावले की महिना-दीड महिन्यात मुळ्या फुटतात.

आता छाटणीविषयी. मोठ्या हेज कात्रीने वरून सरळ रेषेत कापण्याची पद्धत दुरांट्याला चालते, कारण त्याची पाने लहान असतात. क्रोटनचे पान रुंद असते. त्या कात्रीने ते मध्येच चिरले जाते, कापलेली कड वाळून तपकिरी होते, आणि ज्या पानांसाठी आपण झाड लावले तीच महिनोन्‌महिने विद्रूप दिसतात. म्हणून सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची छोटी कात्री, हातात घे, एकेक फांदी धर, आणि पान जेथे फुटते त्या डोळ्याच्या थोडे वर काप. सांगलीतील माणसाला हे निराळे शिकवायला नको. तासगावकडे द्राक्षवेलीची छाटणी डोळे पाहूनच होते. रोप फूटभर झाले की शेंडा खुड, म्हणजे बगलेतून फुटवे येऊन ते तळापासून भरेल. पहिली दोन वर्षे उंचीची घाई करू नकोस. कुंपणाचा आकार तळाशी रुंद आणि वर किंचित निमुळता ठेवावा. वरचा भाग पसरला की खालच्या पानांना ऊन मिळत नाही, ती गळतात आणि उघड्या काड्या दिसू लागतात. मुख्य छाटणी फेब्रुवारीअखेर आणि हलकी पावसाच्या सुरुवातीला करावी, थंडीत करू नये. एखादी फांदी पूर्ण हिरवी किंवा वेगळ्याच रंगाची निघाली तर ती मुळापासून काढून टाक, नाहीतर तीच जोर धरते.

छाटलेल्या जागेतून चीक ठिबकतो. तो कातडीला खाजवतो, डोळ्यांना फार वाईट, आणि कपड्यांवर पडलेला डाग निघत नाही. हे झाड एरंडाच्या कुळातले असून त्याची पाने आणि बिया पोटात जाणे अपायकारक आहे. चि. ईशान आता हाताला येईल ते तोंडात घालण्याच्या वयाचा आहे, म्हणून हातमोजे घालूनच छाटणी करावी, कापलेला पाला लगेच उचलावा, आणि त्याला एकट्याला त्या पट्टीकडे जाऊ देऊ नये. एवढ्यानेही तुला धाकधूक वाटत असेल तर दोन वर्षे थांबून कुंपण केले तरी काही बिघडत नाही. मला ते अधिक पटेल.

किडींपैकी पिठ्या ढेकूण फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखा बसतो. झाडावर मुंग्यांची ये-जा दिसली की तो शोधावा आणि निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फवारावे. उन्हाळ्यात लाल कोळी आला तर पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरकस फवारा पुरेसा होतो.

चर खणल्यावर दोन बादल्या पाणी ओत आणि ते किती वेळात मुरते ते मला कळव. तासाभरानेही पाणी उभे राहिले तर वाफा आणखी उंच करावा लागेल, आणि त्यानुसार रोपे केव्हा पाठवायची ते मी ठरवीन. अनिकेतरावांना नमस्कार, ईशानला आशीर्वाद.

तुझे,
बाबा