जुना इंपेलर भंगारात घालू नका

ती. आई-बाबांना नमस्कार,

परवा बाबा फोनवर म्हणाले, "मोटर खडी दळल्यागत वाजायला लागलीय, वेदगंगेची वाळू आत गेली असणार." फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, ती वाळू नाही. गेल्या वेळी निपाणीत बदललेला इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं चाक, मी हातात घेऊन बघितला होता. वाळू धातूला घासून गुळगुळीत करते. त्याला तर आंबोळीसारखी जाळी पडली होती. चैत्र-वैशाखात नदी खाली जाते, मोटर मात्र वरच्या कट्ट्यावरच. आपला भाग समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, तिथं हवेचा दाब पाणी जेमतेम साडेनऊ मीटर चढवू शकतो आणि पंपाला प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी जमतं. ओढ वाढली की इंपेलरच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की थंड पाणीसुद्धा उकळतं. वाफेचे ते बुडबुडे पुढं जास्त दाबात जाऊन मिटतात, आणि मिटताना पाण्याची सुईसारखी धार धातूवर आपटते. आई, चहाचं आधण उकळायच्या आधी सूं सूं करतं ना, तेही असेच मिटणारे बुडबुडे. तू चुलीकडं न बघता ओळखतेस. माझं काम तेच.

पंपाच्या अंगाला ग्रीस लावून आम्ही बटणाएवढा सेन्सर बसवतो. माणसाला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, वय झालं की आणखी कमी. हा 1,00,000 हर्ट्झच्या वरचं ऐकतो, तिथं मोटरची घरघर मध्ये येत नाही. धातू सुरुवातीला बराच काळ मार खातो, वजन काही घटत नाही, मग कण सुटू लागतात. तो पहिला काळ ओळखता आला तर इंपेलर वाचतो. पण आवाज मोठा म्हणजे झीज जास्त, असंही नसतं, म्हणून मार खाणारा धातूचा तुकडा पुन्हा पुन्हा तोलावा लागतो. बाबा, तुम्ही स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून पंप ऐकायचात, ते मला रोज आठवतं.

मोटर पाण्याजवळ खालच्या टप्प्यावर घ्या. पावसाआधी परत वर चढवावी लागेल, तरी घ्याच. पाण्यात बुडालेल्या पाइपच्या टोकाला असलेल्या फूटव्हॉल्व्हची जाळी साफ करा. पाणी कमी करायचं तर डिलिव्हरीचा (पंपातून बाहेर जाणाऱ्या पाइपचा) व्हॉल्व्ह आवळा, सक्शनचा (पाणी ओढणाऱ्या पाइपचा) कधीच नाही. आणि रात्री थ्री-फेज आली म्हणून एकटे काठावर उतरू नका, शेजारच्या कुणाला तरी हाक मारा.

जुना इंपेलर भंगारवाल्याला देऊ नका. गणपतीला येईन तेव्हा घेऊन जाईन, मला तो कापून आतून बघायचा आहे.

तुमची लेक