विषय : १ जूनची बिलं मे महिन्यात ढकलणारं तुमचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर (चौथी तक्रार)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला. चाळीस मिनिटं गेली, हाती भोपळा.

१ जून तारीख टाकून केलेली माझी अकरा बिलं स्क्रीनवर १ जूनचीच दिसतात. महिन्याच्या रिपोर्टमध्ये मात्र ती ३१ मेला जाऊन बसतात. मेचा हिशेब बंद झालाय, करही भरलाय. डेटा एक्स्पोर्ट केला, तर तारखेच्या रकान्यात ‘३१ मे, १८:३०’. म्हणजे मी निवडली नुसती तारीख. तिला रात्रीचे बारा तुम्ही चिकटवले, ते युटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, बदलून साठवले आणि रिपोर्ट काढताना परत स्थानिक वेळेत आणायचं विसरलात.

तुमचा माणूस म्हणाला, “सर, आमच्याकडे बरोबर दिसतंय.” कुठे? “स्क्रीनवर.” अहो, रिपोर्ट उघडा! मग बारा मिनिटं होल्ड, तीच धून. परत आला आणि म्हणतो, “१ तारखेची बिलं दुपारनंतर करून बघा, सर.” ती दुपारी चारलाच केली होती! बिल किती वाजता केलं याचा इथे संबंधच नाही, म्हटल्यावर पुढचा उपाय : “मग २ तारीख टाका ना, रिपोर्टमध्ये १ येईल. बरेच कस्टमर असंच करतात.” वा! तुमचा रिपोर्ट खरा दिसावा म्हणून मी बिलावर खोटी तारीख घालायची. आणि हे सांगतंय कोण, तर हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी.

नोंद कुणी, कधी केली ती वेळ युटीसीत खुशाल ठेवा. बिलाची तारीख म्हणजे कॅलेंडरवरचा दिवस. डेटाबेसमध्ये त्यासाठी नुसत्या तारखेचा रकाना असतो, हे मी तुम्हाला सांगायचं? पॅसिफिकमधल्या सामोआ या बेटांच्या देशाने २०११ साली ३० डिसेंबर हा अख्खा दिवस गाळला, पण निदान आधी जाहीर करून. तुम्ही माझा १ जून गुपचूप गिळलात.

पाच वर्षं हे सॉफ्टवेअर वापरतोय, चार जणांना घ्यायला लावलंय. त्यांना आता तोंड कसं दाखवू?

नुसतं नवं व्हर्जन पाठवू नका, आधी साठवलेल्या तारखा दुरुस्त करून द्या. आठ दिवसांत झालं नाही तर वर्गणी बंद, उरलेले पैसे परत हवेत आणि पुढचं पत्र वकिलाचं येईल. आणि कृपा करून ‘दुपारनंतर करा’ सांगायला पुन्हा फोन करू नका.

एक्स्पोर्टची फाइल सोबत जोडली आहे. चौथ्यांदा.